खेपेला पाच कॅनी

ह्या गंजानं माझं डोस्कंच फिरवलं होतं. केजला माझी शेड हाय. पोलादाच्या दुधाच्या कॅनींवर आमी विजेनं कथलाचा थर चढवतो. परवाना-बिरवान्याची कटकट कमी झाली, तवा मोठ्या हौसेनं टाकली. दर खेपेला पन्नास कॅनी डेअरीला जायच्या अन् महिन्याभरात बरोबर पाच गंजून परत यायच्या. चार न्हाई, सहा न्हाई, पाचच! आता गंज काय मोजून लागतो का बे?

तिसऱ्या खेपेला डेअरीवाले सुंदरराव म्हणले, "आता गंजल्या तर ऑर्डर बंद." झालं, माझं टाळकं सटकलं. थर चढवणारा अनिल, तलवाड्याचा, आयटीआय शिकलेला. थर चढल्यावर तो कॅन एका दवाईत बुडवायचा. त्यानं कथलावर बारीक साय धरते अन् तीच गंज थोपवते, असं त्याचं म्हणणं. पण कॅन दिसायची पिवळट.

"पाच कॅनींना बुडीच देत न्हाईस तू! उद्यापासून येऊ नको," मी सगळ्या कामगारांपुढं वरडलो. त्यानं एकदा शेडमागच्या माझ्या घराकडं बघितलं, हातमोजे काढून ठेवले अन् गेला.

दोन दिवसांनी त्यानंच बुडवून ठेवलेली खेप निघायची होती. शेडमागं जाऊन बघतो तर माझी बायको उमाबाई राख-चिंच घेऊन कॅन खसाखसा घासायलीय!

"अगं, हे काय?"

"आवो, नवं भांडं घासल्याबिगर, कुंकू लावल्याबिगर कुणाच्या दारी जातं का? पन्नास कुठं घासू? शकुनाच्या पाच घासते दर खेपेला. बघा, कशा चकाकतात!"

परत आलेल्या कॅनी मी उलट्या केल्या. पाचींच्या बुडाला कुंकवाचं बोट. ती साय आमच्याच घरात खरवडली जात होती.

तसाच जीप धरून तलवाड्याला गेलो. अनिल दारातच बसलेला.

"तुला ठाऊक होतं?"

"परवाच कळलं, मालक. तुमी वरडत होता तवा काकू मागं एक कॅन घासत बसल्या होत्या."

"मग बोलला कावून न्हाईस?"

तो खाली बघत म्हणला, "तुमी काकूंना बी सगळ्यांपुढं तसंच बोलला असता."

मला लई लाज वाटली. "चल," मी म्हणलो, "तुझी माफी बी सगळ्यांपुढंच मागतो."