पेवाच्या तोंडाशी

महापुरानंतर जुनं गाव उठून माळावरच्या पत्र्याच्या घरांत गेलं, त्याला दोन वर्षं झाली होती. कुरुंदवाडच्या पल्याड, नदीकाठी मागं उरल्या त्या गाळानं माखलेल्या भिंती आणि दारं नसलेल्या चौकटी. तिथं दिवसाढवळ्याही कुणी फिरकत नसे. हंबीररावाला नेमकं तेच हवं होतं. जुन्या सावकाराच्या पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, मोहरांचा हंडा आहे, असं त्याच्या डोक्यानं घेतलं होतं.

गुप्तधन काढायचं तर पायाळू माणूस हवा, पायांकडून जन्मलेला. त्याच्या जोडीला असलेल्या बाळासोनं स्वतःच्या बहिणीचा नवराच पुढं केला. पिराजी पायाळू होता आणि भोळाही होता; मेव्हणा बोलावतोय म्हणजे आपल्या भल्यासाठीच, असं समजणारा. घरी त्याच्या बायकोला, रूपालीला, सातवा महिना होता. मासे धरायला जातो असं तिला सांगून तो आला.

नियम एकच. पेवावरचा चिरा हलल्यापासून हंडा वर येईपर्यंत कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही, नाहीतर धनाचा कोळसा होतो.

बंद पेव उघडलं की आतली विषारी हवा जायला त्याला दिवसभर वारं खाऊ द्यायचं, मग कंदील सोडून तो विझतो का बघायचं, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही कळतं. बाळासोलाही कळत होतं. चिऱ्याला पहार लावण्याआधी तो तसं म्हणाला, तर हंबीरराव उखडलाच.

"दुपार टळली की मुहूर्त गेला. भ्या वाटतंय तर जा की घरला."

बाळासो कसला घरला जातोय. मोहरा त्याच्या डोळ्यांपुढं नाचत होत्या.

चिरा सरकला तसा कुजकट, आंबूस वास अंगावर आला. पुराचं पाणी आत शिरून ज्वारी सडली होती. पिराजीनं कमरेला दोर बांधला आणि बाळासोकडं बघितलं. बाळासोनं मान हलवली. बिचारा त्या मानेच्या भरवशावर उतरला.

दोन हिसके आले की ओढायचं, असं ठरलं होतं. खालून खोकल्याचा आवाज आला. पाय घासल्याचा आला. मग दोराला एक हिसका बसला. बाळासोनं दोर आवळला, तसा हंबीररावानं त्याचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हिसक्याची वाट बघ म्हणून खूण केली.

दुसरा हिसका येईना. दाजी अशी हाक बाळासोच्या ओठांपर्यंत आली. ती मारली असती, खेचलं असतं, तर माणूस वाचला असता. पण या मेल्यानं ओठ दातांखाली दाबून धरले, आणि खालचा आवाज थांबेपर्यंत तसाच बसून राहिला.

शेवटी दोघांनी मिळून ओढलं. पिराजीचा चेहरा काळानिळा पडला होता, श्वास नव्हता. हंबीररावानं त्याची आवळलेली मूठ उघडली. तीत काळीठिक्कर सडकी ज्वारी होती.

"झाला कोळसा," तो बाळासोवर गुरकावला. "तूच बोललास काय तरी."

बहिणीच्या नवऱ्याच्या मढ्याशेजारी बाळासोनं हात जोडले.

"न्हाय आबा, आईशप्पत. दाजी खाली तडफडत हुता, तरी म्या शबुद काढला न्हाय."