बाबांची डबी

आईचे कान गेले तेव्हा बाबांनी तिच्यासाठी एक डबी बनवली. दारावर कुणी आलं की घरभर दिवे लुकलुकायचे: दोनदा भरभर, एकदा सावकाश. बाबा स्वतः दार तसंच वाजवायचे. ते जाऊन दोन वर्षं झाली, डबी चालूच होती.

सोमवारी माझी रजा संपतेय. माझी तान्ही ठमी तिच्या आजीपाशी, म्हणजे आईपाशी राहणार. म्हणून मी डबी पाळण्याजवळ आणून ठेवली. पण दार वाजल्याएवढा आवाज झाल्याशिवाय डबी जागी होईना, आणि ठमीचं रडणं म्हणजे मांजराचं. डबीतल्या चिपमध्ये कुठेतरी एक आकडा असणार, किती आवाजाला दिवे लावायचे तो. तेवढा कमी करायचा होता.

मी आजवर वेबसाइटीच केल्या. एवढ्याशा चिपशी बोलायला आधी केवढा संसार मांडावा लागतो, ते मला काय ठाऊक! ठमीची दुपारची झोप चाळीस मिनिटांची. पहिल्या दुपारी आपलं लिहिलेलं चिपच्या भाषेत करून देणारा कंपायलर उतरवला. दुसऱ्या दुपारी कॉम्प्युटरला चिपची ओळख करून देणारा ड्रायव्हर बसेना. तिसऱ्या दुपारी कळलं, फोल्डरच्या नावात मोकळी जागा सोडलेली कंपायलरला चालत नाही. एवढे नखरे ठमीचेसुद्धा नाहीत. दादाला फोन केला तर तो हसला. म्हणाला, चष्म्याच्या घराला कुलूप लावणारे आपले बाबा, चिप उघडी ठेवतील होय?

चौथ्या दुपारी चिप एकदाची बोलली. पण आतलं काही दाखवेना. दादाचं खरं निघालं. पडद्यावर प्रश्न आला: कुलूप काढायचं का? खाली बारीक अक्षरांत चार ओळी होत्या. तेवढ्यात ठमी उठली. तिला काखोटीला मारून मी ‘हो’ दाबलं.

त्या चार ओळी तिला पाजताना वाचल्या. कुलूप निघतं, पण आतलं सगळं पुसून. आणि मूळ प्रोग्राम ज्यात होता तो बाबांचा कॉम्प्युटर गेल्या वर्षी भंगारात गेला. देणारी मीच.

आता कंपायलर, ड्रायव्हर, चिप, सगळं कसं शहाण्यासारखं चालत होतं. शिकाऊ लोक लिहितात तो पाच ओळींचा प्रोग्राम मी चिपमध्ये घातला. दिवे लागले, विझले, लागले, आवाज असो की नसो. माइक चिपच्या कुठल्या पायाला जोडलाय, बाबा त्यातून आवाज कसा ओळखायचे, ते कागदावर कुठेच नव्हतं.

कपड्यांच्या घड्या टाकून आई दाराकडे गेली. परत आली.

“कुणी नाही गं.” मग ती दिव्याकडे बघत राहिली. “हे ह्यांचं नाही.”

मी तिला वहीवर लिहून सगळं सांगितलं. ती रागावली नाही. पाळण्याशी पाट ओढून बसली आणि काठावर हात ठेवला.

“हलला की कळेल मला. तू जा सोमवारी.”

थोड्या वेळाने ठमी रडायला लागली. मी मुद्दाम उठले नाही. दिवे आपले लुकलुकत होते. आईचा हात काठावरून केव्हाच घसरला होता, डुलकीत मान छातीवर आली होती.

मनात शंभरपर्यंत मोजलं. मग ठमीला खांद्यावर घेतलं आणि एका हाताने ऑफिसला, सोमवारी येत नाही असं पत्र लिहायला घेतलं.