खंडेनवमीची माळ

विभागात पीएचडी करणारी मी एकटीच, म्हणून खंडेनवमीची पूजा मांडायचा मान माझा. सूक्ष्मदर्शकांना हळदकुंकू, उंदरांच्या मेंदूचे पातळ काप काढणाऱ्या यंत्राला झेंडूचा हार, आणि वर दिव्यांची माळ. हौसच दांडगी! माळेसाठी सॉकेट मिळेना, तेव्हा मी फ्रिजचा प्लग काढला. पाच मिनिटांत परत लावू म्हटलं. मग पेढे आले, गप्पा रंगल्या आणि मी घरी निघून गेले. दोन हजार सालचा दसरा शनिवारी होता, पुढे रविवार.

फ्रिजरमध्ये एक इवलीशी कुपी होती. मेंदूतल्या पेशींच्या फांद्यांमध्ये अतिसूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांना धरून राहणारं एक प्रथिन असतं. कुपीतली अँटीबॉडी नेमकी त्यालाच चिकटायची, मग तेवढाच भाग तपकिरी रंगवता यायचा. माझ्या मार्गदर्शक ललिता मॅडमनी मागवल्यावर चार महिन्यांनी ती परदेशातून आली होती. नाशिकच्या ऑक्टोबरात ती तीन दिवस बंद फ्रिजमध्ये राहिली.

सोमवारी सर्वांत आधी मी पोहोचले. फरशीवर पाणी. मी गुपचूप माळ काढून फ्रिजचा प्लग परत लावला, पाणी पुसलं आणि काहीच झालं नाही अशा थाटात कामाला लागले. दोन दिवसांनी त्या अँटीबॉडीने रंगवलेल्या काचपट्ट्या पाहिल्या. सगळ्या कोऱ्या.

मॅडमनी फ्रिजर उघडला. बोटभर साचलेला जुना बर्फ गायब होता. त्यांनी झिपरूकाकांना बोलावलं. काका पेठकडचे, सहा वर्षं रोजंदारीवर. किल्ल्या आणि फ्रिज त्यांच्याकडे. कायम करण्याचा त्यांचा अर्ज मॅडमच्या टेबलावर सहीसाठी पडला होता.

"फ्रिज बंद होता का?"

"व्हय मॅडम. माझ्याकडून राहून गेलं."

मी शेजारीच, वहीत डोकं खुपसून.

"अशा माणसाला कायम करायचं?" मॅडम म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत विचार करते."

काका बाहेर गेले. मीही मागोमाग गेले. का, ते आजही धड सांगता येत नाही. व्हरांड्यात त्यांनी मला थांबवलं.

"ताई, शुक्रवारी कुलूप लावताना माळेचं बटन मीच बंद केलं. फ्रिजचा पलग काढलेला दिसला व्हता. म्हनलं, ताईंनी पूजेसाठी काढलाय, आपन कसा हात लावायचा? तुम्हाला इचारायला पायजे व्हतं. तुमचं काम नासलं. माफ करा."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं आणि मॅडमसमोर त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. शरमेने माझे कान तापले. मॅडमचं दार चार पावलांवर होतं, उघडंच. अर्ज अजून टेबलावर होता. दोन वाक्यं बोलायची होती.

"जाऊ द्या काका," मी म्हणाले, "होतं असं कधीकधी."

माफ केलं मी त्यांना!