एका माणसाचा डबा

श्यामकांत रेग्यांना आयुष्यात एकच गोष्ट बायकोपासून लपवायची वेळ आली, आणि तीही त्यांना धड जमली नाही.

जयंतीबाईंच्या पोटदुखीचे रिपोर्ट आले, तेव्हा डॉक्टरांनी श्यामकांतना आणि केयूरला, त्यांच्या मुलाला, बाहेर बोलावून घेतलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, तोही पसरलेला. फार तर सहा महिने. आपल्याकडे अशा वेळी काय करतात ते सर्वांना ठाऊक आहे. जिचं पोट, तिला सोडून साऱ्या गोतावळ्याला सांगतात. जयंतीबाईंना ‘अल्सर आहे’ म्हणून सांगण्यात आलं, केयूर बंगळुरूला परतला आणि श्यामकांतनी फाइल कपाटात विम्याच्या कागदांखाली सरकवली.

माणूस काटेकोर. रोज सकाळी जयंतीबाई अंघोळीला गेल्या, की मोबाइल घेऊन बसायचे. दुखणं कितपत वाढतं, शेवटी जेवण जातं का, घरी नर्स मिळते का. बाथरूममधल्या पाण्याचा आवाज थांबायच्या आत केयूरने शिकवल्याप्रमाणे हिस्टरी पुसायची आणि फोन खिशात टाकायचा. वाचलेलं मात्र पुसलं जात नसे. जेवताना ते तिच्या ताटात काय उरलंय तेवढंच बघत बसत.

मग जाहिराती यायला लागल्या. क्रिकेटचा स्कोअर उघडावा, तर खाली केमोनंतर लावायचे केसांचे टोप. वैतागून त्यांनी केयूरला फोन लावला.

“बाबा, तुम्ही घरच्या वायफायवर बघता ना?”

“मग कशावर बघू?”

“अहो, कोण कुठल्या साइटवर जातंय ते इंटरनेट कंपनीच बघत असते. कनेक्शनला जाहिरातीची कुकी लावून ठेवतात, म्हणजे एक खूण. ती तुमच्या फोनची नाही, घराची. तुम्ही शोधाल त्याच्या जाहिराती आईच्या फोनवर पण जाणार.”

श्यामकांतच्या तोंडचं पाणी पळालं. जिला डॉक्टरांनी, नातेवाइकांनी, पोटच्या मुलाने ताकास तूर लागू दिली नव्हती, तिला हे भामटे सांगणार? आणि वर त्याला म्हणायचं इंटरनेट सेवा. चुलीत घाला असली सेवा. त्यांनी चपला चढवल्या, “बिलाचं काम आहे,” एवढं जयंतीबाईंना सांगितलं आणि मुलुंड स्टेशनजवळचं कंपनीचं ऑफिस गाठलं.

काउंटरवरच्या मुलीच्या छातीवर ‘निधी’ अशी पट्टी होती. तिने शांतपणे सगळं ऐकलं.

“काका, कनेक्शन घेताना फॉर्मवर तुम्हीच संमती दिलीय. हे बघा, ‘आपल्या आवडीनुसार जाहिराती’.”

“आवड?” श्यामकांत म्हणाले.

मुलगी जरा नरमली. “बंद करून देते ना. एक अर्ज भरा, सात दिवस लागतील. दाखवा बघू, काय काय येतंय.”

त्यांनी बातम्यांचं पान उघडून फोन पुढे केला. आज त्यावर टोप नव्हते. ‘एकट्या ज्येष्ठांसाठी घरगुती डबा, मुलुंड पूर्व’ अशी जाहिरात होती, आणि तिच्याखाली ‘एका माणसाच्या स्वयंपाकाला बाई मिळेल’.

“हे डब्याचं आहे, काका. कोणीतरी शोधलं असणार.”

“मी नाही शोधलं.”

“मग घरातल्या दुसऱ्या कोणी. घरी कोण कोण असतं?”

घरी दोघंच असायची. श्यामकांत अर्ज न भरताच उठले.

घरी जयंतीबाई मेथी निवडत बसल्या होत्या. ते समोर जाऊन बसले.

“जयंती, डबा कुणासाठी शोधतेयस?”

जयंतीबाईंचे हात थांबले नाहीत. “तीन आठवडे झाले. रांगोळीचे व्हिडिओ लावले, की मध्येच स्वादुपिंडाचा कॅन्सर. रोजच यायला लागलं. मला वाटलं, तुम्हालाच काहीतरी झालंय आणि तुम्ही लपवताय. दोन दिवस घशाखाली घास उतरला नाही माझ्या. मग कपाट धुंडाळलं. फाइलवर माझं नाव दिसलं आणि खरं सांगू, हायसं वाटलं.”

श्यामकांतना रडू फुटलं. पुष्कळ वेळ आवरेना.

“मला बोलली का नाहीस?”

“तुम्ही इतकं मन लावून लपवत होता.” त्यांनी निवडलेली पानं चाळणीत टाकली. “बरं, ऐका. स्टेशनजवळच्या बाईचा डबा घेऊ नका. मी दोनदा मागवून तुम्हाला वाढलाय, मीठ फार असतं. पलीकडच्या बिल्डिंगमधल्या कुंदाताईंचा बरा आहे. फक्त त्या सुरुवातीला एका माणसाचा डबा देत नाहीत, म्हणून पहिल्या तारखेपासून दोन सांगितलेत. पुढे एक बंद करायचा, ते मी त्यांना सांगून ठेवलंय.”