बेवारस ढिगाऱ्यातली पिल्लं

निलंग्यात बसस्टँडसमोर मोहियोद्दीनचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. पण या गृहस्थाचं लक्ष घड्याळात कमी अन् माळावर जास्त. दर रविवारी लातूरच्या पेपरात तो पशुपक्ष्यांवर लिहायचा आणि छापून आलं की बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचा. मलिका बिचारी भाजी निवडत ऐकायची. त्या रविवारी मात्र तिनं मधेच हात वर केला.

"अजी, थांबा जरा! लांडगिणीची पिल्लं कुठं हायेत ते पार पत्त्यासकट लिहिलंत की. कासारशिरसीचा रस्ता, भूकंपात पडलेलं गाव, कडुनिंबाजवळचा बेवारस ढिगारा... आता फक्त पिनकोड राहिला."

मोहियोद्दीननं पेपर पुन्हा डोळ्यांजवळ धरला. बिळाचा पत्ता छापायचा नसतो, हे वीस वर्षं साऱ्या जगाला सांगत आलेला हा शहाणा! अन् स्वतःच लिहून बसला. कशासाठी? तर वाक्य झकास जमलं होतं म्हणून.

तेवढ्यात फोन वाजला. लातूरच्या एका क्लासचे सर होते.

"भाई, काय लिहिलंय! आम्ही निघालोसुद्धा, निलंगा मागं टाकलं. दोन बस, एकशेदहा पोरं. बायोलॉजीचं प्रॅक्टिकलच होऊन जाईल!"

"सर, नका हो जाऊ. महिन्याभराची पिल्लं हायेत, गर्दी झाली की—"

"काळजी सोडा, लांबूनच बघू," म्हणत सरांनी फोन ठेवला.

लांबून म्हणे! एकशेदहा पोरं लांबून बघणार! त्यांच्यामागं बातमी फुटणार, अन् ज्यांच्या शेळ्या गेल्यात ते येऊन बिळाच्या तोंडाशी धूर करणार. दोन वर्षांपूर्वी अशीच गुदमरलेली चार पिल्लं मोहियोद्दीननं स्वतःच्या हातानं पुरली होती. तो जेवायलाही थांबला नाही. लुना काढली आणि निघाला. रस्ताभर स्वतःला अशा शिव्या हासडल्या की सोबत कुणी असतं तर उतरून चालत गेलं असतं.

पडक्या गावाच्या तोंडाशी बसच्या चाकांचे ताजे माग होते. आवाज मात्र कसलाच नव्हता. म्हणजे येऊन गेले! त्यानं लुना तिथंच टाकली अन् कडुनिंबाकडं धावला.

कडुनिंबाखाली एक म्हातारी फुटक्या दगडी डोणीत कळशीनं पाणी ओतत होती. या बाईला त्यानं दहा वेळा पाहिलं होतं. सरपण वेचायला येत असेल, असं समजून नावही कधी विचारलं नव्हतं.

"मावशी, बसा आल्या होत्या का हितं?"

"आल्त्या की. दोन."

"पोरं उतरली?"

"उतरू देते व्हय! त्या गॉगलवाल्यानं पेपर वाचून दाखवला. म्हणला, पडलेलं गाव हेच का? म्या म्हणलं, न्हाई बाबा, ते नदीपल्याड. गेली समदी."

"अन् त्यायला खरं वाटलं?"

"त्यायला काय कळतंय? पडलेली गावं समदी येकसारखी दिसत्यात. कुठल्याबी ढिगाऱ्याम्होरं फोटू काढतील अन् जातील घरला."

मोहियोद्दीन मटकन दगडावर बसला. दुर्बीण लावली. ढिगाऱ्याच्या पल्याडच्या अंगाला, बिळाच्या तोंडाशी, तीन पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडून खुशाल झोपली होती. तो हसायला लागला. हसता हसता डोळे भरून आले, ते त्यानं बाहीनंच पुसले. किती बरं वाटलं म्हणून सांगू! सकाळपासून छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून नेला होता.

"लई उपकार झाले मावशी. नाव काय तुमचं?"

"केवळाबाई." तिनं कळशी खाली ठेवली. "उपकार ऱ्हाऊ दे. पेपरात ते बेवारस ढिगारा तूच लिवलंस न्हवं?"

"हाव... मीच."

"ती माझ्या सैपाकघराची भिंत हाय. ही डोणी माझ्या गुरांची. माझी दोन लेकरं त्या भिंतीखालीच गेली."

मोहियोद्दीनला मान वर करवेना. एवढी वर्षं तो इथल्या बिळांच्या नोंदी ठेवत होता आणि घर कुणाचं हे एकदाही विचारलं नव्हतं. "चुकलो, मावशी," तो म्हणाला.

"चुकलास खरा. पर रडू नगंस." केवळाबाईनं पिल्लांकडं पाहिलं. "बावीस वर्सांनी माझ्या घरात लेकरं वाढायलीत. म्या त्यायचा पत्ता सांगीन व्हय कुणाला?"