पांढरी राहिलेली भुकटी

मला राग लवकर येतो, हे आमच्या जयलक्ष्मीपुरमच्या लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशीचा राग मी जपून वापरला.

बन्नूरच्या शाळेच्या सरोजिनी मिसनी कालव्याचं पाणी तपासायला दिलं होतं. शाळेची टाकी त्याच पाण्यानं भरते, आणि वरच्या अंगाला ऊसवाले तण मारायचं औषध फवारतात. काम माझ्याकडे आलं. पाणी बोटाएवढ्या नळीतून ओढायचं. नळीतल्या पांढऱ्या भुकटीला औषध चिकटतं, ते उतरवून मशीनवर मोजायचं. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा मर्यादेच्या चौपट.

आमचे मालक अनंतकृष्ण सर, त्यांनी रिपोर्ट अडवला. ते औषध बनवणारी कंपनी आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. म्हणाले, वनजा, तुझी बाटलीच खराब असेल. कंपनीची माणसं नवं पाणी आणतायत, त्यावर सही कर आणि ते जुनं ओतून टाक.

आलं की नवं पाणी, शिक्का मारून, वर ‘बन्नूर कालवा’ असं लिहून. नळीतून ओढलं आणि अय्यो, भुकटी होती तशीच पांढरी! अहो, कालव्याचं पाणी ओढलं की ती चहाच्या गाळणीसारखी तपकिरी होते. आमचं घराणं रंगाऱ्यांचं. कुठल्या पाण्याचा कसा डाग पडतो, ते हे मला शिकवणार? सरळ फिल्टरचं पाणी होतं ते. पोरांच्या पोटाशी खेळ! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी दोन रिपोर्ट केले. पहिल्यात खरा आकडा. दुसऱ्यात लिहिलं, औषध आढळलं नाही. हे पाणी कालव्याचं नाही. दोन्ही नळ्या शेजारी शेजारी सरांच्या टेबलावर ठेवल्या.

सर म्हणाले, पहिला फाड, दुसऱ्यातली शेवटची ओळ काढ, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

"मग खाली तुम्ही सही करा, सर," मी म्हटलं. "माझी सही या ओळीसकटच जाईल."

सरांनी पेन उचललं नाही. मी कागद उचलले आणि बन्नूरची बस पकडली. मिसनी उभ्या उभ्या वाचलं आणि आधी जाऊन टाकीचा नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला मी लॅबमध्ये हजर. सर दारातच उभे होते. त्यांच्या बाजूनं मी आत गेले, फ्रिज उघडला. सरांनी ओतून टाकायला सांगितलेली कालव्याची बाटली जागेवर होती. फ्रिजला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली.