बोर्डामागची तारीख

थळच्या धनेशकडे दुरुस्तीला आलेले कॉम्प्युटर कधी कमी पडले नाहीत. हा मेला खारा वारा मदरबोर्ड जिवंत सोडतोय कुठे! पण खाडीपलीकडे राहणाऱ्या अजेयसरांच्या जुन्या प्रोसेसरला बसेल असा बोर्ड शोधताना मात्र त्याच्या नाकी नऊ आले. महिन्याभराने एका भंगारवाल्याच्या माळ्यावर, वर्षानुवर्षं धूळ खात पडलेला असा एक बोर्ड सापडला.

दुकानात येऊन धनेशने तो उलटा केला आणि त्याचा हात थबकला. बोर्ड गिऱ्हाइकाला ज्या दिवशी द्यायचा, त्या दिवसाची तारीख धनेश मागे सुईने कोरायचा, कारण इथल्या हवेत शाई टिकत नाही. या बोर्डावरही तारीख कोरलेली होती. अक्षर त्याचंच होतं, साताच्या पोटातली आडवी रेघसुद्धा. तारीख मात्र येत्या बुधवारची होती.

तेवढ्यात अजेयसरांचा फोन आला.

"धनेश, मिळाला ना रे बोर्ड? मग बुधवारी तूच घेऊन ये. मी होडी पाठवतो."

धनेशने फोन ठेवला. कोरड्या बोर्डाच्या खाचेतून टेबलावर पाणी ठिबकत होतं. त्याने बोट लावून चाखलं. खारट होतं.